पेन्सिलीने लावलेली हजेरी

आठव्या वर्षी मी जवळजवळ दोन आठवडे कुठल्याच शाळेची नव्हते. पालीजवळच्या आमच्या गावची शाळा सुटली होती आणि नवी अजून लागली नव्हती. मध्ये होता फक्त एक कागद, शाळा सोडल्याचा दाखला. तो चार घड्या घालून बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात असायचा. बाबा कोट काढून खुंटीला लावत तेव्हा मला वाटायचं, मीच तिथे टांगलेली आहे. इयत्ता तिसरी, वर्तणूक चांगली, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. वर्तणुकीचं पुढे सांगतेच.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. बाबांना समुद्राकडच्या एका मिठागराच्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही तिघं, बाबा, आई आणि मी, डोंगराकडून खाडीच्या काठी राहायला आलो. आमच्याकडे पाणी एकाच दिशेने जायचं. नदीही तशीच आणि पाटही तसाच. इथे पाणी यायचं, गावाच्या बांधापर्यंत चढायचं आणि पुन्हा निघून जायचं. मागे मैलभर काळा चिखल चमकत राहायचा. पहिल्या दिवशी आईने ते पाहिलं आणि म्हणाली की अशा गावात माणसाने कशाचा म्हणून भरवसा धरायचा.

मला मात्र ते गाव फार आवडलं. माघाचे दिवस होते. सकाळी धुकं इतकं खाली यायचं की मिठाच्या राशी नुसत्याच हवेत ठेवल्यासारख्या दिसायच्या. दहाच्या सुमाराला ऊन चढलं की सगळं पांढरं व्हायचं, वाफे, बांध, बायकांच्या डोक्यावरची घमेली, सगळं. मी बांधावर बसून राहायची. शाळेत नसलेल्या मुलीला कुणी हाक मारत नाही. वेळ कुठून आला नि कुठे गेला ते कळायचं नाही. घरात घड्याळ एकच होतं, आणि ते बाबांच्या खिशात दाखल्याच्या शेजारी टिकटिकत असायचं.

शाळा निवडायच्या होत्या दोनच. एक गावातली, चौथीपर्यंतची, एकाच मास्तरांची. ती मिठाच्या एका जुन्या कोठारात भरायची. दुसरी खाडीपलीकडच्या बाजाराच्या गावात, फक्त मुलींची, कौलारू, बाकं असलेली. तिथे जायचं तर होडीने, आणि होडी फक्त भरतीला सुटायची. ओहोटीत ती चिखलात रुतून बसायची. म्हणजे रोजचं जाणं-येणं शक्यच नव्हतं. पलीकडे बाबांची एक आतेबहीण राहायची. सोमवार ते शनिवार मी तिच्याकडे राहायचं आणि रविवारी घरी यायचं, असं बाबांनी मनाशी ठरवत आणलं होतं. आईने एवढंच विचारलं की गावात शाळा असताना आठ वर्षांचं लेकरू दुसऱ्याच्या दारात का ठेवायचं. बाबा न्यायी माणूस. आधी गावातली शाळा बघतो, बरी असली तर तिथेच घालू, असं त्यांनी आईला कबूल केलं.

पण ती शाळा मला त्यांच्या आधीच सापडली.

मंगळवारची दुपार होती. मी बांधावरून चालले होते आणि कोठाराकडून पाढे ऐकू आले. पाढे असे लांबून, पाण्यावरून आले की त्यांना चाल लागते. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आत वीस-पंचवीस पोरं बसलेली, पाय गुडघ्यापर्यंत राखाडी, चिखल वाळून पापुद्रे सुटलेले. बाहेर पाणी बांधाला टेकलं होतं आणि त्याची चमक कोठाराच्या आढ्यावर हलत होती. खाली पोरं डुलत होती आणि वर उजेड डुलत होता. भिंतीतून अजून मीठ पाझरायचं, म्हणून फळा कधी पुरता वाळायचा नाही. भिंतीला हळूच जीभ लावून बघितली तर खारट लागली.

मास्तरांनी मला पाहिलं. उंच, मोठ्या कानांचे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय शिंपल्यांनी कापून कापून चरे पडलेले. दाखला कुठे आहे विचारलं. बाबांच्या कोटात, मी म्हणाले. मग दाखला येईपर्यंत पाहुणी म्हणून बस, असं म्हणून त्यांनी मला पुढे जागा करून दिली. माझं नाव विचारलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

त्या दिवशी मला कळलं की ही शाळा घड्याळावर भरत नाही, पाण्यावर भरते. ओहोटी लागली की गावातल्या बायका पोरांना घेऊन चिखलात उतरत, कालवं फोडत, तिसऱ्या वेचत, चिंबोऱ्या धरत. घरची आमटी आणि बाजाराचा पैका दोन्ही त्यावर. पूर्वी मास्तर सरकारी वेळेला, अकराला, घंटा द्यायचे तेव्हा चार पोरं यायची आणि मास्तर भिंतींना शिकवायचे. मग त्यांनी घंटाच पाण्याला बांधली. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण कधी होणार ते निघतं. भरती दिवसातून दोनदा येते, त्यातली उजेडातली धरायची; तिच्या आधी तासभर शाळा भरायची आणि पाणी उतरलं की सुटायची. आज चतुर्थी, चार पाऊण तीन, म्हणून शाळा दोनला. पहिलीतलं पोरसुद्धा उद्याची वेळ सांगायचं. आमच्याकडे पाऊणकी पाठ केली नाही तर छडी बसायची, पण तो पाढा कशासाठी असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या कचेरीला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. कागदोपत्री शाळा अकरा ते पाचच होती.

निघताना मास्तरांनी मला थांबवलं.

"बाबांना सांग, शाळा पाण्याबरोबर भरते. अकराला इथे चिटपाखरूही नसतं. पंचांग बघून या म्हणावं."

तो निरोप मी घरापर्यंत तोंडात घोळवत नेला. सांगणारच होते. खरंच सांगणार होते. पण त्या दिवशी बाबा कचेरीच्या कामाने पलीकडे जाऊन आले होते आणि हातपाय धुता धुता आईला मुलींच्या शाळेचं वर्णन करत होते. तिथल्या बाई चष्मा लावतात. तिथे भिंतीवर नकाशे आहेत. आणि टेबलावर पृथ्वीचा गोल आहे, बोटाने फिरवला की फिरतो. मी उंबऱ्यातच थांबले. बोटाने फिरणारी पृथ्वी! त्यापुढे चिखलाच्या पायांची शाळा कुठे लागते. निरोप मी गिळला आणि मिठाची गुळणी धरून बसले. मिठागराच्या गावात आल्याचा तेवढा गुण लगेच लागला.

बुधवारी अकरा वाजता बाबा कोठाराशी गेले. कुणी नाही. दोन कोंबड्या आणि उघडं दार. गुरुवारी गेले, तेच. शुक्रवारी गेले, तेच. बाबांच्या डोळ्यांसमोर मैलभर चिखलात गावातली सगळी पोरं वाकलेली दिसत होती, पण डोंगराकडच्या माणसाला त्यात शाळा दिसणार कशी? त्यांच्या हिशेबी पोरं उंडारत होती आणि मास्तर सरकारचा पगार घेऊन घरी झोपा काढत होता. अकरानंतर बाबांचं काम दूरच्या वाफ्यांवर असायचं. तिथून संध्याकाळी परतेपर्यंत शाळा भरून सुटलेली असायची.

आणि मी काय करत होते? मी रोज त्या शाळेत जात होते. आता सांगायला लाज वाटते, पण मला तिथे गोडी लागली होती. सकाळी बाबा चिडून परत आलेले बघायचे आणि दुपारी त्याच कोठारात बसून पाच पाऊण पावणेचार म्हणायचं. आई विचारायची, दुपारभर असतेस कुठे. मी म्हणायची, बांधावर. मास्तर विचारायचे, निरोप दिलास का. मी म्हणायची, दिला. बाबा कामात असतील, येतील, असं तेच मला समजावायचे. रात्री अंथरुणात पडले की मी गोल फिरवायची. त्यावरचा निळा रंग आमच्या खाडीपर्यंत यायचा नि मागे फिरायचा. पण एका कडेला मास्तरांचे ते मोठे कान दिसायचे आणि मग झोप लागायची नाही.

शनिवारी पहाटेच्या होडीने बाबा मला पलीकडे घेऊन गेले. शाळा खरोखरच सुंदर होती. अंगणात अबोली होती. बाईंनी मला दोन गणितं घातली, ती मी सोडवली, आणि बक्षीस म्हणून त्यांनी गोल पुढे ओढला. मी बोट लावलं. तो इतका हलका फिरला की मला धडकीच भरली. सगळं निळं, निळं, मध्येच पिवळं, पुन्हा निळं. आपलं गाव कुठे ते मी विचारलं. बाईंनी किनाऱ्यावर एक जागा दाखवली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, बरोबर आहे, भरतीत बुडालं असेल. सोमवारी दाखला घेऊन या, जागा आहे, असं बाई म्हणाल्या आणि बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला.

रविवारी बाबांनी अर्ज लिहायला घेतला. शाळा तपासणाऱ्या दिपोटींना. मला दौत धरून शेजारी बसवलं होतं. बाबांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. त्या अक्षरात लिहिलेलं खोटं असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी उलट्या बाजूने वाचत होते. सदर शिक्षक शाळेत कधीच हजर नसतात. लागोपाठ तीन दिवस समक्ष जाऊन खात्री केली आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी. आई चुलीपाशी बसून म्हणाली की लिहा, पण त्या माणसाला एकदा भेटून तरी घ्या, कुणाच्या पोटावर पाय यायला नको. बाबा म्हणाले, भेटायला तो असतो कुठे. कारवाई म्हणजे काय ते मी विचारलं. नोकरी जाईल, बाबा म्हणाले, आणि टिपकागद मागितला. मी तो दिला. मागितल्याबरोबर दिला, हेच मला आजही खुपतं.

त्या दुपारी आईने माझी लहान ट्रंक भरली. दोन परकर, पाटी, तेलाची बाटली, नाचणीचे लाडू. झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून ती बराच वेळ तशीच बसली. आठवड्याचे सहा दिवस मी या घरात नसणार, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. मनात मांडे खाताना पोटाची आठवण कुठे राहते.

सोमवारी दशमी होती. बाबा होडीची वेळ गावातल्या माणसांना विचारून घेत, पाऊणकी त्यांना नुसता पाढा म्हणून येत होती. साडेसातला भरती पूर्ण, त्यानंतर लगेच होडी, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ट्रंक होडीवाल्याने आधीच नेऊन ठेवली. आई दारापर्यंतच आली. बाबांच्या आतल्या खिशात आता दोन कागद होते, दाखला आणि पलीकडे टपालात टाकायचा अर्ज. धुकं होतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी इतकं स्थिर भरलं होतं की आपण आकाशातूनच चाललो आहोत असं वाटत होतं. मी बाबांचं बोट धरलं होतं. मला पुढे काय ऐकू येणार ते ठाऊक होतं.

ते ऐकू आलं. एक पाऊण पाऊण. बे पाऊण दीड.

बाबा थांबले. खिशातून घड्याळ काढून पाहिलं. घड्याळात जे होतं त्यावर त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण त्यांनी ते कानाला लावून पाहिलं. मग वळले आणि तडक कोठाराच्या दारात गेले. पंचवीस पोरं उभी राहिली आणि एका सुरात नमस्ते म्हणाली.

मास्तर हसत पुढे आले. या साहेब, म्हणाले, मी रोज वाट बघत होतो. बाबांनी अकराचं विचारलं, तीन दिवसांचं विचारलं. मास्तरांनी सगळं सांगितलं, चिखल, बायका, कालवं, तिथी. काही लपवलं नाही. वरच्या कचेरीला कळलं तर माझी नोकरी जाईल हेही सांगितलं, आणि मग हजेरीची वही उघडून बाबांपुढे ठेवली. बाबा हजेऱ्या बघत खाली आले. पानाच्या तळाशी, सगळ्यांच्या शाईच्या नावांखाली, पेन्सिलीने माझं नाव होतं. मंगळवार हजर. बुधवार हजर. गुरुवार हजर. शुक्रवार हजर.

बाबांनी ते वाचलं. बोटाने पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

बाहेरून होडीवाल्याने हाक दिली. "कारकूनसायेब, पानी उतराया लागलं. येताय का न्हाय?"

मास्तरांच्या ध्यानात आलं असणार. माझं तोंड बघूनच आलं असणार. ते घाईने म्हणाले की चूक त्यांचीच झाली, मुलीबरोबर निरोप पाठवायचा होता पण पाठवायचा राहून गेला. पोर लहान आहे, तिला काय कळतं. एवढं बोलून ते खडू शोधायला वळले. ज्या माणसाची भाकरी काढून घ्यायला मी दौत धरली होती, तो माझ्यासाठी खोटं बोलत होता.

"निरोप त्यांनी दिला होता," मी म्हणाले. "मीच नाही सांगितला. मला गोलाची शाळा पाहिजे होती."

मला रडू आलं ते नंतर. तेव्हा फक्त पाण्याचा उजेड आढ्यावर हलताना दिसत होता. बाबांनी खिशात हात घातला आणि दोन्ही कागद बाहेर काढले, दोन्ही एकसारखे चार घड्यांचे. एक उघडून पाहिला आणि परत खिशात टाकला. दुसरा मास्तरांच्या हातात दिला. मग माझ्याकडे न बघता बाहेर पडले आणि कचेरीच्या वाटेने धुक्यात निघून गेले. माझी ट्रंक घेऊन होडी पलीकडे गेली. मास्तरांनी दौत घेतली आणि माझं नाव पेन्सिलीवरून शाईने गिरवलं. मी ते शेवटच्या अक्षरापर्यंत बघत होते.

शाळा सुटल्यावर घरी आले तर आई चुलीपाशी होती. तिने सवयीने तिघांचा भात लावला होता आणि आता जास्तीचा भात बघत बसली होती. मला दारात पाहून ती उठली. होडी चुकली का, विचारलं. मी सगळं सांगितलं, दौतीसकट. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोराचा, आणि मग मला इतकं घट्ट धरलं की माझा श्वास अडकला. बाबा काय म्हणाले, तिने विचारलं. काहीच नाही, मी म्हणाले.

तो दिवस फार लांब होता. पाणी गेलं, चिखल चमकला, पाणी पुन्हा चढायला लागलं. बाबा आता माझ्याशी बोलणार नाहीत, कधीच नाहीत, असं मला वाटत होतं. गोलाचं मनात आलं तर तो आता कुठेतरी दूर, पाण्यापलीकडे आपला आपण फिरत होता. पुढे मी पुष्कळ गोल पाहिले, मुलांना घेऊनही दिले. त्या पहिल्यासारखा हलका एकही फिरला नाही.

दिवेलागणीला होडीवाला ट्रंक डोक्यावरून घेऊन आला आणि ओटीवर ठेवून गेला. मागोमाग बाबा आले. कोट खुंटीला लावला. आता त्यात मी नव्हते. अर्जाचं त्यांनी काय केलं ते मी कधी विचारलं नाही, पण मास्तर माझी चौथी होईपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक वर्षं त्याच कोठारात होते. आईने पानं वाढली, तीन. बाबांनी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला.

"उद्या शाळा कितीला?" बाबांनी विचारलं.

ते पानाकडेच बघत होते, पण विचारलं मलाच होतं. आईचा वाढता हात थांबला.

"उद्या एकादशी," मी म्हणाले. "अकरा पाऊण सव्वाआठ. म्हणजे सव्वासातला."

बाबा उष्ट्या हाताने तसेच उठले, डाव्या हाताने खुंटीवरचं पंचांग काढलं, दिव्याजवळ धरलं आणि ओठ हलवत मनाशी हिशेब केला. मग पंचांग जागेवर ठेवून पाटावर येऊन बसले.

"बरोबर," ते म्हणाले, आणि आईला माझ्या पानात भात वाढायला सांगितलं.